मुका जीव निपचित पडतो तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चार बायकांसमोर बोलायला उभी राहण्याची माझी ही पहिलीच वेळ. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. पुढे हाती पुस्तक आले ते मुलांचा अभ्यास घेताना, तेवढेच. चिटणीसबाईंनी "यंदा तुम्ही बोलायचे" अशी गळ घातली, तेव्हा मी सरळ म्हटले, "बाई, कुरडया-सांडग्यांवर सांगा म्हणाल तर सांगेन, नाहीतर मला राहू द्या." त्यावर त्या म्हणाल्या, "कुरडया इथे सगळ्यांनाच येतात. तुमच्या राणीला कूलरचा झटका बसला तेव्हा तुम्ही काय केले, ते सांगा." म्हणून हा विषय. बोलण्यात काही अधिकउणे झाले तर सांभाळून घ्यावे.

विषय कळल्यावर आमच्या आळीतल्या एक बाई मला म्हणाल्या, "अवो, माणसाले वेळेवर डॉक्टर भेटत नाही, अन् तुम्ही कुत्र्याचं काय सांगून राहिल्या?" त्यांच्या बोलण्याचा मला राग आला नाही. काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हटले असते. कुत्र्याने पोळी पळवली तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही गोष्ट आपण कीर्तनात ऐकतो, डोळ्यांना पदर लावतो, आणि घरी येऊन दाराशी आलेल्या कुत्र्याला हाड् म्हणतो. मी काही नामदेव नव्हे. पण ज्याला आपण हौसेने घरात आणले, मुलांनी ज्याचे नाव ठेवले, त्याच्यावर वेळ आली की हातपाय गाळून बसायचे, हे बरे नव्हे, इतकेच माझे म्हणणे आहे. आणि हे म्हणायला मला एक जीव गमवावा लागला, तो आधी सांगते.

आपल्या नागपूरच्या उन्हाविषयी मी तुम्हांला काय सांगावे! २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस तर एका यंत्राने ५६ अंशांचा आकडा दाखवला. तो यंत्राचाच दोष होता असे हवामान खात्याने पुढे सांगितले, पण आमच्या घरी कोणालाही तो आकडा खोटा वाटला नव्हता, यातच सगळे आले. अशा गावात आपण माणसे कांदा खिशात घालून, डोक्याला दुपट्टा बांधून बाहेर पडतो, घरी पन्हे करून ठेवतो. जनावराला मात्र अंगभर केसांचा कोट घालूनच जन्म काढायचा असतो. त्याला घामही आपल्यासारखा येत नाही. कुत्र्याला येतो तो पंजांच्या तळव्यांना, अगदी थोडा. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा खरा मार्ग एकच, जीभ बाहेर काढून धापा टाकणे. बाहेरची हवाच भट्टीसारखी असली, किंवा पहिला पाऊस पडून दमट झाली, की तो मार्गही बंद पडतो.

आमचा मोत्या २०१९ च्या नवतप्यात गेला. जवळच्या नात्यातले लग्न होते, दुपारचा मुहूर्त. घरातली सगळीच निघाली. मोत्या कोणाच्या अंगावर जाईल या भीतीने मी त्याला मागच्या पडवीत बांधले. सकाळी साडेदहाला तिथे गार सावली होती. पाण्याचे टोपलेही भरून ठेवले. पण मागची बाजू पश्चिमेची. एक वाजल्यानंतर सूर्य तिथेच येऊन बसतो, हे रोज कपडे वाळत घालणाऱ्या मला माहीत नव्हते असे कसे म्हणू? आम्ही साडेतीनला परतलो. दोर खांबाला गुंडाळून आखूड झाला होता, टोपले पालथे पडले होते, आणि मोत्या एका कुशीवर पडलेला होता. डोळे अर्धवट उघडे, हाक मारली तर कान हलेना. श्वास मात्र भराभर चालला होता.

मग आम्ही काय काय केले ते ऐका. सासूबाईंनी कांदा फोडून त्याच्या नाकाशी धरला. शेजारच्या काकूंनी चामड्याची चप्पल आणली, कारण फेफरे आलेल्या माणसाला ती हुंगवतात. मी पन्हे केले आणि चमच्याने त्याच्या जबड्यात घातले, एक नव्हे, अर्धी वाटी. ऊन लागू नये म्हणून त्याला आत ओढून ओल्या गोधडीत गुंडाळले आणि डोक्यावर बर्फ ठेवला. आमचे हे दवाखान्यांना फोन करीत होते. एकीकडे फोन लागेना, दुसरीकडे सांगितले संध्याकाळी या. रिक्षावाले कुत्रा म्हटल्यावर थांबेनात. पाऊण तास असा गेला. शेवटी एक भला रिक्षावाला मिळाला, पण मोत्या रस्त्यातच संपला. माझ्या मांडीवर.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी त्याला तपासले आणि मला बाजूला बसवून शांतपणे विचारले, "तोंडात काही घातले होते का?" मी पन्ह्याचे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. बेशुद्ध जनावराला गिळता येत नाही, त्यामुळे तोंडात घातलेले पोटात न जाता फुप्फुसात उतरते, हे त्यांनी सांगितले. ओली गोधडी दोन-चार मिनिटांत अंगाच्या उष्णतेने तापते आणि ती उष्णता आतच कोंडून ठेवते. डोक्यावरच्या बर्फाने बाकीचे अंग थंड होत नाही. मग मी विचारले, "काही न करता नुसते पाणी ओतले असते तर?" त्या म्हणाल्या, "कदाचित." हा एक शब्द घेऊन मी घरी आले. धाकटा तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याने मला काही विचारले नाही, पण कितीतरी दिवस तो मागच्या दारी गेला नाही.

पुढे त्याच बाईंकडे मी दोन-तीनदा जाऊन बसले आणि एका जुन्या वहीत सगळे उतरवून घेतले. मोठ्या लेकीने इंग्रजीतून वाचून काही भर घातली. ती वही आज बरोबर आणली आहे.

पहिली गोष्ट, आपला जीव आधी. जनावर रस्त्यात पडले असेल तर गाड्या पाहा, विजेपाशी पडले असेल तर वीज बंद करा. शुद्धीवर येताना घाबरलेले कुत्रे मालकालाही चावते, म्हणून प्रेमाने तोंडाशी तोंड नेऊन रडू नका. तोंड बांधायचा विचारही करू नका. बेशुद्ध किंवा ओकणाऱ्या जनावराचे तोंड बांधले तर ते गुदमरते.

मग लांबूनच नाव घेऊन हाक मारा, पाठीवर थोपटा. हालचाल नसेल तर छातीकडे पाहा. श्वासाने बरगड्या वरखाली होतात का? होत नसतील असे वाटले तर नाकपुडीपाशी कापसाचे एक तंतू धरा. निवांत पडलेले कुत्रे मिनिटाला साधारण १० ते ३० श्वास घेते, मांजर २० ते ३०. आपले जनावर झोपलेले असताना एकदा घड्याळ लावून मोजून ठेवावे, म्हणजे त्या दिवशी गोंधळ होत नाही. नाडी मनगटाला नसते बरे का. मागच्या पायाच्या मांडीच्या आतल्या बाजूला, अगदी वर, जांघेजवळ बोटे ठेवली की लागते. मला ती सापडायला आठवडा लागला. छातीचे ठोके डाव्या अंगाला, पुढच्या पायाचे कोपर मागे दुमडले की जिथे टेकते तिथे लागतात.

ओठ उचलून हिरड्या पाहाव्यात. निरोगी हिरडी गुलाबी असते, आणि बोटाने दाबून सोडली की पांढरा झालेला भाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी होतो. पांढरीफटक असेल तर रक्त गेले किंवा अंगात रक्त फिरेनासे झाले, निळसर असेल तर हवा मिळत नाही, विटेसारखी लाल असेल तर बहुधा ऊन. मोत्याच्या हिरड्या विटेसारख्याच होत्या. मी पाहिल्या होत्या, पण त्याचा अर्थ मला कुठे ठाऊक होता!

जनावर उजव्या कुशीवर, कठीण जमिनीवर निजवावे. मान सरळ करावी, पण मागे मोडेल इतकी ताणू नये. रुमालाने जीभ धरून पुढे ओढावी, तोंडातली लाळ, ओकारी पुसून काढावी, घशात हाड किंवा चेंडू अडकलेला दिसत असला तर काढावा. दिसत नसला तर आंधळेपणाने बोटे आत ढकलू नयेत. एवढ्या एका गोष्टीने पुष्कळदा श्वास मोकळा होतो. मागे पडलेली जीभच वाट अडवून बसलेली असते.

इथे एक इशारा. अनोळखी किंवा टोचून न घेतलेल्या कुत्र्याचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे, गिळता येत नाही, पाय लटपटतात, असे दिसले की लोकांना वाटते याच्या घशात हाड अडकले, आणि दयाळू माणूस हात घालतो. पिसाळण्याचा एक प्रकार असाच मुका असतो. त्यात कुत्रे अंगावर धावत नाही. अशा तोंडात हात घालू नका. लाळ जखमेला लागली किंवा दात लागला तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या दवाखान्यात जाऊन सुया घ्या. आपल्या घरच्याला तिसऱ्या महिन्यात ही लस टोचून घ्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी. राणीला टोचलेले होते म्हणूनच पुढचे धाडस मी करू शकले.

आता श्वासच नसेल तर. हे ऐकून भिऊ नका. ज्याला शुद्ध नाही आणि श्वासही नाही, त्याचे आपण दाबल्याने आणखी वाईट काय होणार? नाडी शोधण्यात मिनिटे घालवू नयेत. मध्यम किंवा मोठे कुत्रे असेल तर कुशीवर निजवून छातीच्या सर्वांत रुंद भागावर एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवावा, कोपरे ताठ करावीत आणि छाती रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्मी दबेल इतके दाबावे, मग पूर्ण वर येऊ द्यावे. मिनिटाला १०० ते १२० वेळा, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दोन. तिखट कांडताना दोघी मुसळाने जी लय धरतात, तिच्यापेक्षा थोडी जलद समजा. लांबट, अरुंद छातीच्या कुत्र्याला दाब थेट हृदयावर द्यायचा. मांजर किंवा चिमुकले पिल्लू असेल तर एकाच हाताच्या मुठीत, अंगठा एका बाजूला आणि बोटे दुसऱ्या बाजूला, अशी छाती धरून दाबायची. तीस वेळा दाबले की दोन श्वास द्यायचे: तोंड हाताने मिटून धरायचे, आपले ओठ त्याच्या नाकपुड्यांभोवती घट्ट लावायचे आणि छाती फुगलेली दिसेल इतकेच फुंकायचे. किळस वाटत असेल, किंवा जनावराची खात्री नसेल, तर नुसते दाबत राहिले तरी चालते. दोन मिनिटांनी माणूस बदलावा, कारण हात भरून येतात आणि दाब हलका पडतो. आणि हे सगळे चालू असताना दुसऱ्या कोणीतरी वाहन पाहायचे. वाचणारी जनावरे यातून थोडीच असतात, हे डॉक्टरबाईंनी मला आधीच सांगून ठेवले होते. मीही तुम्हांला सांगून ठेवते, नाहीतर उद्या कोणी म्हणेल, बाईंनी सांगितले तसे केले आणि तरी गेले. श्वास चालू असलेल्या जनावराची छाती मात्र कधी दाबू नये.

उन्हाने पडलेल्याचे वेगळे. आधी थंड करा, मग न्या. पूर्वी सांगत असत की गार पाणी घालू नये, आता डॉक्टर तसे सांगत नाहीत. सावलीत आणून अंगभर पाणी ओता, पोट, जांघा, पंजे सगळे भिजू द्या, आणि वरून पंखा किंवा कूलरची हवा सोडा. आपली हवा कोरडी, त्यामुळे ओल्या अंगावर वारा लागला की झपाट्याने गार होते; कूलरची ताटी ज्या गुणाने खोली गार करते, तोच हा गुण. एक नागपुरी सूचना: मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळाला कढत येते. ते घालू नका! रांजण, माठ, मोरीतला भरलेला ड्रम, जे सावलीतले असेल ते घ्या. माठ रिकामा होईल म्हणून जीव खालीवर करू नये. डोके थोडे उंच धरा म्हणजे पाणी नाकात जाणार नाही. पाण्याचा थेंबही तोंडात घालू नका. स्वतः उठून बसले, शुद्धीत आले आणि आपणहून चाटले तर पिऊ द्या. घरात थर्मामीटर वेगळा ठेवला असेल तर गुदद्वारात लावून पाहावे. कुत्र्याचे नेहमीचे अंग १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असते, म्हणजे आपल्याला ज्वर वाटावा इतके. १०३ पर्यंत उतरले की पाणी थांबवावे, नाहीतर उलट फार गार पडते. आणि उठून शेपटी हलवू लागले तरी डॉक्टरांकडे न्यायचेच. उन्हाने आत मूत्रपिंडावर आणि रक्तावर झालेला परिणाम दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोके वर काढतो. चपट्या नाकाची जी विलायती कुत्री आता घरोघर दिसतात, त्यांना तर दुपारी अकरानंतर बाहेर नेऊच नये. त्या बिचाऱ्यांना हिवाळ्यातही दम लागतो. हौसेला मोल नाही, पण आपल्या हवेत असला जीव आणावा का, याचा विचार घेण्यापूर्वी व्हावा असे मला वाटते.

आता राणीचे. मोत्यानंतर पुन्हा कुत्रे आणायचे नाही असे मी ठरवले होते, पण धाकट्याने दिवाळीत नालीतून एक पिल्लू उचलून आणले आणि माझ्या पदरात टाकले. तीच ही राणी. २०२३ च्या मे महिन्यात मुलगा चालू कूलरमध्ये पाणी भरत होता. पाणी बाहेर सांडले. राणी ते चाटायला गेली, तिचे तोंड लोखंडी स्टँडला लागले, आणि एकच किंकाळी फोडून ती आडवी झाली. चारही पाय ताठ, तोंड अजून स्टँडलाच चिकटलेले. मुलगा तिला ओढायला वाकला. मी स्वयंपाकघरातून अशी ओरडले की तसे मी आयुष्यात ओरडले नसेन: "हात लावू नको!" धावत जाऊन मेन स्विच पाडला. त्याने हात लावला असता तर आज मी इथे कुत्र्याविषयी बोलत उभी नसते. कूलरच्या झटक्याने माणसे गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, तरी पाणी भरताना प्लग काढत नाही. मेन स्विच लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने जनावर बाजूला सारावे, आपण ओल्यात उभे राहू नये.

वीज गेल्यावर तिला कुशीवर केले. छाती हलत नव्हती, पण हात ठेवला तर आत धडधड स्पष्ट लागत होती. जीभ ओढली, फेस पुसला, मान सरळ केली आणि तिच्या नाकात फुंकले. ठोके चालू असले आणि श्वास तेवढा नसला तर नुसते श्वासच द्यायचे, साधारण सहा सेकंदांना एक. सासूबाई मागून म्हणत होत्या, "अगं बाई, कुत्र्याच्या तोंडाला तोंड!" सात की आठ वेळा फुंकले असेल, मोजायचे भान नव्हते. मग तिने एक उचकीसारखा श्वास घेतला, थांबली, पुन्हा एक घेतला. मी तिथेच फरशीवर बसले ते मला उठता येईना.

ती उभी राहिल्यावर आमचे हे म्हणाले, आता कशाला न्यायची? पण वहीत लिहून ठेवले होते: विजेच्या झटक्यानंतर काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू शकते, तोंडात भाजलेलेही असते. तेव्हा नेलेच. तिला रात्रभर ठेवून घेतले. जिभेची कड भाजली होती, तिला महिनाभर मऊ भात कालवून भरवावा लागला. सासूबाईंनी मला आंघोळ केल्यावाचून देवघरात पाऊल टाकू दिले नाही. पण दूधभात कालवून भरवायला पहिल्या त्याच बसल्या, हेही सांगायला हवे.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. फेफरे आले असेल तर धरून ठेवू नका, दातांत चमचा घालू नका, कांदा नको, चप्पल नको. टेबल-खुर्ची बाजूला सारा, खोलीत अंधार करा आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांवर गेले, किंवा एकामागून एक येऊ लागले, तर तातडीने न्या. लहान पिल्लू उपाशी राहून गळून पडले, किंवा मधुमेहाचे इन्शुलिन घेणारे कुत्रे पडले, तर साखर कमी झालेली असू शकते. मध किंवा साखरेचा घट्ट पाक बोटावर घेऊन हिरड्यांना चोळा. चोळा म्हणते आहे, ओता नव्हे.

पावसाळ्यात साप निघतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे, चारही विषारी. मण्याराच्या दंशाला सूजसुद्धा फारशी येत नाही. जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीने आवळायचे नाही, चालवायचे नाही, उचलून न्यायचे. नागाच्या आणि मण्याराच्या विषाने श्वास बंद पडतो, म्हणून वाटेत श्वास देत राहिले तर उपयोग होतो.

उंदराचे औषध खाल्ले असेल तर पाकीट किंवा डबी बरोबर न्या. बेशुद्धाला मिठाचे पाणी पाजून ओकवायला जाऊ नका. शुद्धीत असले तरी मिठाचे पाणी नकोच, मीठच त्याला विष होते. त्या औषधांपैकी झिंक फॉस्फाइडमुळे पोटात विषारी वायू होतो, म्हणून अशा जनावराच्या तोंडाला तोंड लावू नये आणि ओकारीवर वाकू नये, खिडक्या उघडाव्या. मांजराला आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी कधीच देऊ नये. एका गोळीने मांजर जाते. कांद्याचेही तसेच, तो खाण्यात आला की कुत्र्या-मांजरांचे रक्त बिघडते. आमचा मोत्या कांदेभजी आवडीने खात असे आणि आम्ही कौतुकाने देत असू!

न्यायचे कसे? पाठीला किंवा मानेला मार असेल अशी शंका असेल तर फळीवर, प्लायवुडवर, फळी नसेल तर चादरीवर सरकवून चार टोके चौघांनी धरावी. मांजरासाठी झाकणाची टोपली बरी. आधी फोन करून निघावे, म्हणजे तिकडे तयारी होते. आपल्या नागपुरात १९५८ साली निघालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय सेमिनरी हिल्सला आहे, आणि २००० सालापासून महाराष्ट्राच्या पशुविज्ञान विद्यापीठाचे ठाणेही नागपुरातच आहे. इतके जवळ असून मला त्याचा पत्ता मोत्या गेल्यावर कळला. तेव्हा आजच घरी जाऊन दोन दवाखान्यांचे नंबर, त्यांच्या वेळा, रात्री कोण उघडे असते ते विचारून कॅलेंडरवर लिहा, जिथे दूधवाल्याचा हिशेब लिहिता तिथेच. आणि जनावर न्यायला तयार असलेल्या एका रिक्षावाल्याचा नंबरही. मी आमच्याकडच्या एकाला दर दिवाळीला फराळ देते ते उगीच नव्हे.

मागची पडवी आता आम्ही हिरव्या कापडाने झाकली आहे. मोत्याचा दोर मी टाकला नाही. तो तिथेच खुंटीला आहे, पण त्याने कोणाला बांधत नाही.

वहीतले अजून पुष्कळ राहिले, पण फराळ थंड होतो आहे असे चिटणीसबाई खुणावत आहेत. राणी बाहेर व्हरांड्यात धाकट्याजवळ बसली आहे. जांघेतली नाडी कशी लागते ते ज्यांना पाहायचे असेल त्यांनी दोघी-दोघींनी या, एकदम गर्दी करू नका. ती चावत नाही. फक्त शिऱ्यातला बेदाणा तिला कोणी घालू नका, द्राक्षे-बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला वाईट. शिरा मागेल ती, पण देऊ नका.